काका, बदाम नाहीत ना?

पत्र, थोडक्यात

जिमखान्यात दर मंगळवारी संध्याकाळी डुप्लिकेट ब्रिज (तीच पानं सगळ्या टेबलांवर खेळायची आणि गुणांची तुलना करायची) खेळणाऱ्या एका बाईंचं हे पत्र. वय ४६. ब्रिज त्यांना वडिलांच्या मित्राने शिकवला. ते काका आता ७८ वर्षांचे आहेत आणि अजून एकही मंगळवार चुकवत नाहीत.

जानेवारीत काका समोरच्या जोडीत होते आणि चार इस्पिक खेळत होते, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी दहा हात करायचं बोलले होते. बाईंच्या पार्टनरने बदामचा राजा खेळला, पाठोपाठ एक्का. एक्क्यावर काकांनी हुकूम मारला. पुढे पाच-सहा हात झाले आणि डमीच्या, म्हणजे पानं उघडी मांडून बसलेल्या त्यांच्या पार्टनरच्या, किलवर राणीवर काकांच्याच हातातून बदामची तिर्री पडली. बदाम असताना हुकूम मारला होता, म्हणजे सरळसरळ रिव्होक. बाईंनी डायरेक्टरला, म्हणजे खेळाच्या पंचाला, बोलावलं. काकांचे दोन हात काढून घेतले गेले, ६२० गुण व्हायचे तिथे वजा २०० झाले. 'घरी येऊन पानं मांडून बघितली,' बाई लिहितात, 'तर काकांनी एक्क्यावर गुपचूप तिर्री दिली असती तरी कॉन्ट्रॅक्ट होतच होतं. म्हणजे फायदा शून्य आणि शिक्षा दोन हातांची!' काका एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्या रात्री चहाला थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, 'अगं, तुझेच काका ना ते?'

मार्चमध्ये पुन्हा तेच. या वेळी बाई तीन नो-ट्रम्प खेळत होत्या, म्हणजे हुकूम नाही आणि नऊ हात करायचे. त्यांच्या हिशेबाने इस्पिक संपले होते, पण शेवटच्या हाताला काकांनी इस्पिकची सत्ती उतरवली आणि डाव एका हाताने बुडाला. आधी एका इस्पिकवर काकांनी किलवर टाकला होता, हे बाईंना लख्ख आठवत होतं. त्या गप्प बसल्या. डमी असलेला त्यांचा पार्टनर, कॉलेजातला मुलगा, डाव संपल्यावर तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मान हलवून त्याला थांबवलं आणि पुढच्या बोर्डाची, म्हणजे पुढच्या डावाची, पानं काढली. परतताना स्कूटरवर तो म्हणाला, 'ताई, तुमच्या मायेचे पैसे माझ्या खिशातून का?'

बाई विचारतात: 'बोलावलं तर निष्ठुर, सोडून दिलं तर अप्रामाणिक. यातलं न्याय्य काय? आणि काकांना आता खेळणं पुरे म्हणून सांगायची वेळ आली आहे का?'

उत्तर

तुमच्या मूळ पत्रात 'न्याय' हा शब्द सहा वेळा आला आहे आणि 'शिक्षा' नऊ वेळा. मी मोजले. पत्ते खेळणाऱ्याला मोजायची खोड असते, तुम्हाला सांगायला नको.

त्या नऊ वेळांपासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते गाठ तिथेच बसली आहे. डुप्लिकेट ब्रिजची सध्याची आंतरराष्ट्रीय नियमावली २०१७ची आहे. तिच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की हे नियम चुकीबद्दल शिक्षा करण्यासाठी केलेले नाहीत. ज्यांची चूक नाही त्यांचं नुकसान होऊ शकतं, ते भरून काढण्यासाठी केलेले आहेत. शिक्षा नियमावलीत आहे, नाही असं नाही. कुणी मुद्दाम नियम मोडला, टेबलावर उद्धटपणा केला, चूक लपवायला पानं घाईघाईने मिसळली, तर डायरेक्टरच्या हातात त्यासाठी वेगळी हत्यारं असतात. पण रिव्होकमध्ये जे दोन हात जातात ते त्या खात्यातले नाहीत. ती दुरुस्ती आहे. तुम्ही जानेवारीत काकांना शिक्षा केली नाहीत, कारण तो अधिकार तुम्हाला नव्हताच. तुम्ही एका माणसाला बोलावलंत, ज्याचं काम ती दुरुस्ती करणं हे आहे.

पण आपल्याकडे डायरेक्टरला बोलावणं म्हणजे वर्गातल्या बाईंकडे नाव सांगणं! शाळेतला तो बाक अजून आपल्या अंगातून गेलेला नाही. त्यामुळे चांगले मुरलेले खेळाडूसुद्धा हात वर करताना ओशाळतात आणि आपसातच मिटवून टाकतात, 'जाऊ दे, घ्या ते पान मागे.' नियमाप्रमाणे असं मिटवायचा अधिकार चौघांपैकी कुणालाही नाही, आणि त्यामागे चांगलं कारण आहे. चुकीच्या हातून पहिली उतारी झाली, म्हणजे डावातलं पहिलं पान भलत्यानेच टाकलं, तर डिक्लेअररपुढे (बोली जिंकून डाव खेळणाऱ्यापुढे) पाच वेगवेगळे पर्याय असतात. उतारी स्वीकारून स्वतः खेळायचं, किंवा स्वीकारून स्वतः डमी व्हायचं. नाकारली, तर ज्याची खरी पाळी होती त्याला त्याच रंगाची उतारी करायला लावायची, किंवा तो रंग मना करायचा, नाहीतर ते पान टेबलावर उघडं पडू देऊन त्याला हवं ते खेळू द्यायचं. हे पाचही पर्याय तोंडपाठ असलेला माणूस आपल्या क्लबात डायरेक्टर सोडला तर एखादाच निघेल. 'घ्या मागे' म्हणणारा भला माणूस हे पाचही हक्क, आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच पार्टनरचे, न कळत फेकून देत असतो.

माझा एक प्रसंग सांगतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी रिव्होक केला. चौकट होती, दिली नाही, किलवर मारून हात घेतला, किलवर हुकूम होते. पुढे पाच मिनिटांनी ती चौकट माझ्याच हातात मला दिसली आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. समोरच्या बाईंनी हात वर केला. डायरेक्टर किरकोळ अंगाचा, पायात रबरी चप्पल. त्याने तीनच गोष्टी विचारल्या. तो हात कुणी घेतला? मी. त्यानंतर तुमच्या बाजूला हात मिळाला? मिळाला. पानं सगळी जागच्या जागी आहेत ना? आहेत. 'शेवटी दोन हात तिकडे,' असं म्हणून तो पुढच्या टेबलाकडे गेला. सगळं मिळून अर्धं मिनिट. मी का चुकलो, मला दिसलं कसं नाही, मुद्दाम केलं का, यातलं काहीही त्याने विचारलं नाही. माझ्या पार्टनरने न बोलता सुपारीची डबी माझ्यापुढे सरकवली आणि आम्ही पुढचा बोर्ड उघडला. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मी त्या माणसाचा आजही आभारी आहे.

आता तुमचा खरा आक्षेप. फायदा शून्य, मग दोन हात का?

आक्षेप बिनतोड आहे. तुम्ही पाठवलेली पानं मीही मांडून पाहिली. काकांनी तिर्री दिली असती तर बदामचे दोन आणि चौकटचा एक असे तीनच हात गेले असते, कारण किलवर राणीवर त्यांनी तिर्रीऐवजी हरणारी चौकट टाकली असती. तीनही हात गेले तरी दहा होतातच. म्हणजे रिव्होकने त्यांना काही दिलं नाही. तरी नियम म्हणतो: रिव्होकचा हात चुकणाऱ्याने स्वतःच्या पानाने घेतला, आणि पुढे त्याच्या बाजूला आणखी हात मिळाला, तर दोन द्या. दुसऱ्या कुणी घेतला असेल तर एक द्या. नुकसान याहून जास्त झालं असेल तर डायरेक्टर भरपाई वाढवून देतो. कमी झालं असेल, किंवा झालंच नसेल, तर मात्र काही परत मिळत नाही. वजनकाटा मुद्दाम एका बाजूला कललेला ठेवला आहे.

का? एक तर तुम्ही पानं मांडलीत ती घरी, जेवण झाल्यावर, चारही हात उघडे ठेवून. मंगळवारी एका बोर्डाला सात-आठ मिनिटं मिळतात. दर रिव्होकला 'तो झाला नसता तर काय झालं असतं' याचा अख्खा डाव डायरेक्टरने कल्पनेत खेळायचा म्हटलं तर रात्रीचे बारा वाजतील. शिवाय ती कल्पना कुणाची धरायची? काकांनी तिर्री दिल्यावर तुमच्या पार्टनरने तिसऱ्यांदा बदाम खेळला असता की चौकट काढली असती? तुम्ही म्हणाल काही खेळला तरी फरक पडत नव्हता. याच पानांवर पडत नव्हता. पण जिथे पडतो तिथे चौघांची चार उत्तरं येतात आणि प्रत्येकाला स्वतःचं उत्तर प्रामाणिक वाटतं. दुसरं म्हणजे, जेवढ्यास तेवढं परत घ्यायचं ठरवलं तर रिव्होक हा बिनजोखमीचा धंदा होतो. पकडला गेला तर मुद्दल परत, नाही पकडला गेला तर नफा. काका असा विचार करणार नाहीत हे मला मान्य, पण नियम काही एकट्या काकांसाठी लिहिलेला नाही.

ब्रिजचा आजा म्हणावा अशा व्हिस्टमध्ये रिव्होकला तीन हात जायचे. त्या मानाने आपण बरेच मऊ झालो आहोत. आणि तरीही, खरं सांगायचं तर, जानेवारीच्या त्या पानांवर तो नियम मलाही कडकच वाटतो. त्याची बाजू मी घेतो ती वेगळ्याच कारणासाठी.

ब्रिजमध्ये दोन प्रकारचा न्याय चालतो. रिव्होकचा न्याय ठोक आहे, माप आधीच ठरलेलं. दुसरा तोलून-मापून करायचा. पार्टनर बोली देताना बराच वेळ अडखळला आणि मग 'पास' म्हणाला, तर त्याच्याकडे काहीतरी आहे हे आपल्याला कळतं. पण ते कळलेलं वापरायचं नाही. समोर दोन-तीन रास्त मार्ग असतील तर त्या अडखळण्याने जो सुचवला तो सोडून द्यायचा. मग समोरचे म्हणतात, वापरलंत. आपण म्हणतो, छे, मी तशीही बोली दिलीच असती. इथे डायरेक्टरला खरंच तोलावं लागतं. तो त्याच तोडीच्या दुसऱ्या खेळाडूंना बाजूला घेऊन तेच पान दाखवून विचारतो, तुम्ही काय केलं असतं? मग गुण बदलतो. मग अपील होतं. हा न्याय जास्त बारीक आहे, जास्त बरोबरही असेल, पण त्यात माणसाच्या सचोटीला हात लागतो. नियमात कितीही सभ्य शब्द असोत, टेबलावर त्याचा अर्थ 'तुम्ही लबाडी केलीत का?' असाच ऐकू येतो. अशा निकालानंतर वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणाऱ्या जोड्या मला ठाऊक आहेत.

ठोक न्यायात हे काही नाही. दोन हात, संपलं. तुमच्या हेतूची चौकशी नाही, वयाची नाही, चष्म्याच्या नंबराची नाही. ७८ वर्षांच्या माणसाला भर टेबलावर 'तुम्हाला दिसलं नाही का हो?' असं कुणी विचारण्यापेक्षा दोन हात गेलेले परवडले. तुम्हाला जो निर्दयपणा वाटतोय ना, त्यातच काकांची अब्रू झाकलेली आहे.

आता मार्चची गोष्ट. इथे मी थोडा कडक होणार आहे, कारण तुम्ही ज्याला सोडून देणं म्हणता ते तुमच्या एकटीचं नव्हतंच.

गप्प बसून तुम्ही नियम मोडलात का? नाही. समोरच्याची चूक दाखवून द्यायची सक्ती कुणावर नाही. तुमच्या पार्टनरला डमी म्हणून खेळ चालू असताना बोलता येत नव्हतं, डाव संपल्यावर येत होतं, आणि नेमकं तेव्हा तुम्ही त्याला थांबवलंत. अप्रामाणिक हा शब्द तुम्ही स्वतःला लावलाय तो मी काढून टाकतो. पण पुढचा हिशेब बघा. तुमच्याकडे आठ टेबलं असतात, म्हणजे एक बोर्ड आठ वेळा खेळला जातो, आणि प्रत्येक जोडीची तुलना त्याच दिशेच्या, म्हणजे तीच पानं मिळालेल्या, उरलेल्या सात जोड्यांशी होते. वरचढ ठरलात तर २ गुण, बरोबरी झाली तर १. तुम्हीच लिहिलंय की बाकीच्या सात टेबलांपैकी पाच ठिकाणी तीन नो-ट्रम्प झालं आणि दोन ठिकाणी एका हाताने बुडालं. काकांचा रिव्होकचा हात तुमच्या पानाने गेला होता आणि त्यांना पुढे हात मिळाला होता, म्हणजे त्यांचा एक हात तुमच्याकडे आला असता. डाव झाला असता, ६००. पाच जणांशी बरोबरी, दोघांवर मात, एकूण ९ गुण. गप्प बसल्यावर वजा १००, आणि गुण मिळाले २. सात गेले. त्यातले तुमचे सोडा, पण तितकेच त्या मुलाचेही गेले.

हे झालं तुमच्या टेबलावरचं. काकांच्या दिशेने बसलेल्या बाकीच्या सात जोड्या बघा. ज्या पाच जणांनी ६०० दिले होते त्यांची काकांशी बरोबरी व्हायची होती. आता काका त्यांच्या वर गेले. ज्या दोघांनी डाव खरोखर बुडवला होता, ते काकांच्या वर राहायचे होते. आता काका त्यांच्या बरोबरीला आले. सातही जोड्यांचा एकेक गुण गेला. काकांना जे सात गुण तुम्ही मायेने दिलेत ते सात जोड्यांच्या खिशातून एकेक करून काढलेत, आणि त्यातल्या चौदा माणसांपैकी एकालाही हे ठाऊक नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं याला म्हणतात. तुमच्या दिशेच्या बाकीच्या सात जोड्यांना एकेक गुण फुकट मिळाला, तेही लक्षात घ्या.

घरी चौघांत खेळताना दया ही चौघांची बाब असते. डुप्लिकेटमध्ये तुमच्या टेबलाच्या भिंती नसतात, आणि मायेच्या माणसासमोर बसलं की हे हमखास विसरायला होतं.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय. डिसेंबरात एक नवा मुलगा पहिल्यांदा क्लबात आला, त्याने पाळी नसताना उतारी केली आणि 'मी अर्थात डायरेक्टरला बोलावलं'. त्यातला 'अर्थात' मला टोचला. त्या मुलाला तुमची माया मिळाली नाही, कारण त्याने तुम्हाला ब्रिज शिकवला नव्हता. तुम्ही बोलावलंत ते बरोबरच केलंत. पण एकाला नियम आणि दुसऱ्याला सूट ही जर माणुसकी असेल, तर ती ओळखीवर मिळणारी माणुसकी आहे. तशी खिडकी आपल्याकडे बहुतेक कचेऱ्यांत असते, आणि ओळख नसलेला माणूस त्या खिडकीबाहेर उभा राहून काय बोलतो ते आपण ऐकलेलं आहे.

काकांकडे वळतो.

लहानपणी अंगणात खेळताना धाकटं भावंड मागे लागलं की आपण त्याला घ्यायचो, पण लिंबूटिंबू म्हणून. ते आऊट झालं तरी आऊट नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याला मुद्दाम कुणी पकडत नाही. दहा मिनिटं त्याला फार मजा वाटते. मग एक क्षण येतो, त्याला कळतं की आपण पळतोय पण कुणीच आपल्या मागे येत नाहीये. आणि ते रडायला लागतं. आईला वाटतं पडलं वाटतं.

मार्चमध्ये तुम्ही काकांना लिंबूटिंबू केलंत.

हे काही काकांसाठी छोटं नाही, आणि ते तुमच्याच पत्रातून मला कळलं. तुम्ही लिहिलंय की तुम्ही नवशिक्या होतात तेव्हा, एका स्पर्धेत, काकांनी स्वतःच हात वर करून डायरेक्टरला सांगितलं होतं की मघाशी माझ्याकडून रिव्होक झाला. कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. आपल्याच बाजूचा रिव्होक उघड करायची सक्ती नियम करत नाही. फक्त लपवायचा नाही एवढंच म्हणतो. काका त्याच्याही पुढे गेले, आणि त्यापायी स्पर्धेतला नंबर गेला. हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. मग सांगा, या माणसाला मार्चचे ते सात गुण हवे असतील का? त्यांना चूक कळली असती तर त्यांनी स्वतः हात वर केला असता. ती संधी तुम्ही त्यांच्या हातून काढून घेतलीत.

आणि वयाचं म्हणाल तर, २०१८मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ब्रिज पहिल्यांदा आला तेव्हा पुरुष जोडीचं सुवर्णपदक आणलं प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी. एक साठ वर्षांचे, दुसरे छप्पन्न. त्याच भारतीय पथकात ७९ वर्षांच्या एक बाई ब्रिज खेळत होत्या. वयाला सूट द्यायची तर ती खेळाने आधीच दिलेली आहे, ७८व्या वर्षी वीस वर्षांच्या पोराबरोबर एकाच टेबलावर, एकाच नियमाने बसता येतं ही.

मग माणुसकीला जागाच नाही का? आहे, पण चुकीच्या आधी. जानेवारीत एक्क्यावर काकांनी हुकूम मारला तेव्हा तुम्हाला विचारता आलं असतं, 'काका, बदाम नाहीत ना?' डिफेंडरने, म्हणजे डाव बुडवू पाहणाऱ्या बाजूने, डिक्लेअररला असं विचारायला नियमाची परवानगी आहे. काकांच्या पार्टनरलासुद्धा, तो डमी असताना, विचारता येतं. काका दचकून पानं चाळले असते, तिर्री सापडली असती, हुकूम परत हातात गेला असता आणि डिक्लेअररला त्याबद्दल काहीही द्यावं लागत नाही. चुकणाऱ्याच्या बाजूचं पुढच्या हाताचं पान पडेपर्यंत रिव्होक पक्का होत नाही, तोवर डिक्लेअररला हे सगळं फुकट आहे. मात्र एक अट. विचारायचं तर प्रत्येकाला, प्रत्येक वेळी विचारायचं. त्या नव्या मुलाला, तुम्हाला न आवडणाऱ्या त्या बँकवाल्यांना, सगळ्यांना. फक्त शंका आली की विचारलंत, तर तुमच्या हातात बदाम किती आहेत ते टेबलाला कळतं. आणि ही सवय लावण्याआधी पार्टनरशी बोला, कारण विचारून तुम्ही सोडताय त्या दोन हातांतला निम्मा वाटा त्याचा आहे. तो नको म्हणाला तर तेही रास्त आहे. मात्र डिफेन्समध्ये असताना आपल्याच पार्टनरला विचारू नका. चालतं, पण त्यातून नको ती माहिती टेबलावर सांडते.

काकांच्या पार्टनरला मात्र आजच फोन करा. डमी पसरली की त्याला तसंही काही काम नसतं. 'नाहीत ना?' हे दोन शब्द त्याने तोंडात बसवले तर काकांचे निम्मे रिव्होक जागच्या जागी मिटतील.

दुसरी वाट नियमावलीतच आहे आणि फार थोड्यांना माहीत असते. ज्यांची चूक नाही त्या बाजूने विनंती केली, आणि तसंच कारण असलं, तर डायरेक्टर दुरुस्ती माफ करू शकतो. म्हणजे पाणी तुमच्या हातून काकांच्या अंगावर सांडलं, त्या गडबडीत त्यांच्याकडून पान पडलं, तर तुम्ही म्हणू शकता की हे आमच्यामुळे झालं, सोडून द्या. ठरवतो तो. बाकीच्या टेबलांचा विचार करणारा तिथे तो एकटाच असतो. काका आपले आहेत, हे मात्र कारण नाही. तेवढ्यासाठी त्याच्याकडे जाऊ नका, तो बिचारा संकोचाने हो म्हणेल.

आणि तिसरी, सगळ्यात सोपी. रविवारी सकाळी काकांकडे चौघं बसा. पोहे, रबर ब्रिज (चौघांतच खेळायचा साधा ब्रिज), आणि सुरुवातीलाच ठरवून टाका की पान मागे घ्यायला परवानगी आहे. सगळ्यांनी आधी कबूल केलेली सूट ही सूट राहत नाही, तो तिथला नियमच होतो. क्लबातही नवशिक्यांसाठी असा एखादा दिवस ठेवता येतो, फलकावर लिहून. सोसायटीच्या कमिटीत बसणाऱ्या आणि एका आजोबांचा विलंब आकार माफ करावा का या विचाराने झोप उडालेल्या ज्या वाचकाने मला मागे लिहिलं होतं, त्यांनीही हेच करावं: ठराव करा, वय लिहा, सगळ्यांना लागू करा. गुपचूप वही खोडू नका.

'आता पुरे' सांगायची वेळ आली का? एवढ्यावरून तरी मला तसं दिसत नाही. दोन्ही रिव्होक शेजारी ठेवून बघा. जानेवारीत बदामची तिर्री लपली होती ती चौकटांत. मार्चमध्ये इस्पिकची सत्ती सापडली ती किलवरांमागून, असं तुम्हीच लिहिलंय. लाल लालमध्ये, काळं काळ्यात. तुम्ही स्मरणशक्तीच्या काळजीत आहात, पण मला आधी उजेडाची आणि डोळ्यांची शंका येते. मी डॉक्टर नाही. पण डोळे तपासून घ्या हे सांगायला डॉक्टर असावं लागत नाही. तोवर काकांना पानं लावताना लाल-काळं आलटून पालटून लावायला सांगा: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. पुष्कळ जुन्या खेळाडूंना रंगाच्या मानाने लावायची सवय असते, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, आणि त्यात दोन्ही लाल एकमेकांना चिकटतात. मोठ्या आकड्यांचे पत्ते मिळतात. खिडकीकडे तोंड करून बसणारी खुर्ची मागून घेता येते. तुमच्या जिमखान्यात ट्यूबलाइट कुठे गेलेली आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

सांगताना लांबण लावू नका. मंगळवारी नव्हे, मधल्या वारी जा. काकू चहा टाकायला आत गेल्या की म्हणा, 'काका, मार्चमध्ये माझ्या तीन नो-ट्रम्पला तुमचा रिव्होक झाला होता. मी बोलले नाही. ते चुकलं माझं. पुढच्या वेळी बोलावणार आहे.' एवढंच. ते रागावतील असं मला वाटत नाही. बहुधा पहिला प्रश्न विचारतील, 'कुठला बोर्ड?' तेव्हा पानं आठवून ठेवा, कारण पुढचा अर्धा तास तोच बोर्ड चालणार आहे. जानेवारीत चहाला का थांबले नाहीत ते विचारू नका. त्यांच्या तोंडून आलं तर ऐका.

राहिला तो पोरगा. त्याच्या वाक्याला तुम्ही पत्रात 'आगाऊ' म्हटलंय. मला ते अख्ख्या पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य वाटलं. त्याला विचारल्याशिवाय त्याचे गुण दिलेत, आणि वर मान हलवून त्याला गप्प केलंत. येत्या मंगळवारी त्याची टेबल-फी तुम्ही भरा.